प्रॅक्टिकलला पहिल्यांदा जाताय? लॅबमधले अपघात कुठं आणि का होतात, ते आधी समजून घ्या

जुलैच्या अखेरीस सांगली-साताऱ्याच्या कॉलेजांत पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल सुरू होतात. जत, आटपाडी, शिराळा, पाटण, माण अशा कुठून कुठून मुलं आलेली असतात. त्यांतल्या बऱ्याच जणांनी बारावीची प्रॅक्टिकल फक्त जर्नलमध्ये केलेली असतात. सीईटी आणि नीटच्या रेट्यात लॅबचे तास कधी झाले, कधी नाही. रीडिंग मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवली, सही मिळाली, संपलं. यात मुलांचा दोष नाही. पण मग एका दुपारी त्याच मुलांसमोर कॉन्सन्ट्रेटेड, म्हणजे तीव्र सल्फ्युरिक आम्लाची बाटली, पेटता बर्नर आणि काचेचा ढीग येतो, आणि शेजारचा सगळं येत असल्यासारखा भराभर हात चालवत असतो.

मी या भागात वर्षानुवर्षं प्रॅक्टिकल घेतलेली आहेत. नव्या मुलांना वाटतं की अपघात म्हणजे मोठा स्फोट, अवघड प्रयोग. तसं नसतं. बाटली उचलताना, नळी बुचात घालताना, टेस्ट ट्यूब धुताना, सांडलेलं पुसलेला कागद टोपलीत टाकताना, अशा बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या कामांत बहुतेकांना इजा होते. मागं घाई असते, 'असंच असेल' हे गृहीत धरणं असतं, पण सगळ्यात जास्त नडतो तो संकोच. सरांना विचारलं तर वर्ग हसेल, इंग्रजी लेबल कळलं नाही हे दिसेल, म्हणून मूल गप्प बसतं आणि अंदाजानं पुढं जातं. हा लेख त्या मुलांसाठी आहे. तुमचं कॉलेज शिवाजी विद्यापीठाचं असो किंवा तुम्ही साताऱ्याच्या कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात असा, टेबल, बेसिन आणि बर्नर सगळीकडे तेच आहेत.

आदल्या संध्याकाळी

उद्याचा प्रयोग एकदा वाचा. पाठ करू नका. जर्नलच्या डाव्या कोऱ्या पानावर एवढंच लिहा: कोणती केमिकल लागणार, प्रत्येक किती घ्यायचं आणि शेवटी काय उरणार. त्यातल्या ज्या केमिकलबद्दल काहीच माहीत नसेल त्यापुढं प्रश्नचिन्ह करा आणि सकाळी पहिल्यांदा तेच विचारा. प्रत्येक केमिकलचं सेफ्टी डेटा शीट असतं, त्याचे सोळा भाग असतात. तुम्हाला सुरुवातीला त्यातले दोनच पुरतात: धोका काय आणि प्रथमोपचार काय.

'किती घ्यायचं' हा आकडा का महत्त्वाचा, ते सांगतो. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास टेक विद्यापीठात एक संशोधक विद्यार्थी स्फोटक गुणधर्म असलेलं संयुग हाताळत होता. १०० मिलिग्रॅमच्या वर बनवायचं नाही, असं तिथं तोंडी ठरलेलं होतं. पुन्हा पुन्हा करायला नको, सगळ्या चाचण्यांना एकदाच पुरेल, म्हणून सुमारे १० ग्रॅम बनवलं गेलं, म्हणजे शंभर पट. ते कुटताना स्फोट झाला, त्याची तीन बोटं गेली, डोळ्याला इजा झाली. आपल्याकडं पहिल्या वर्षाला असलं काही हाताळत नाहीत, पण मनातला विचार तोच असतो. 'जरा जास्त टाकू, रंग लवकर येईल.' दोन थेंब म्हटल्यावर अर्धा ड्रॉपर ओततात. प्रमाण तोंडी ऐकलेलं असेल तर ते लिहून घ्या आणि सरांना दाखवा.

खोलीवरून निघताना

सुती ॲप्रन, पूर्ण बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा. दुकानात चकचकीत टेरिकॉटचा स्वस्त मिळतो, इस्त्रीही लागत नाही. तो घेऊ नका. सिंथेटिक कापड पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. डिसेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या लॅबमध्ये २३ वर्षांची एक संशोधन सहायक, हवा लागताच पेटणारं रसायन सिरिंजमधून काढत होती. सिरिंजचा दट्ट्या बाहेर आला. अंगावर सिंथेटिक स्वेटर होता, ॲप्रन नव्हता. १८ दिवसांनी ती गेली. थंडीत सकाळच्या बॅचला लॅबमध्ये स्वेटर घालून बसणारी मुलं पाहिली की मला दर वेळी हे आठवतं. स्वेटर घालायचाच असेल तर वरून ॲप्रन आणि सगळी बटणं लावलेली.

पावसाळ्यात बूट भिजतात, म्हणून निम्मी बॅच चपलांवर येते. साताऱ्याच्या पावसात हे समजू शकतं. पण लॅबमधलं जे काही सांडतं ते शेवटी पायावरच येतं. एक जुना बंद बूट पिशवीत टाकून आणा आणि लॅबच्या दारात बदला. ओढणी घरीच ठेवा किंवा ॲप्रनच्या आत कमरेला गाठ मारून घ्या. केस मोकळे नकोत, आणि लांब वेणीही पाठीवर नको, अंबाडा घाला. इंजिनिअरिंगच्या मुलामुलींनी हे दुप्पट लक्षात ठेवावं. एप्रिल २०११ मध्ये येल विद्यापीठात शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी रात्री एकटीच वर्कशॉपमध्ये काम करत होती. केस लेथमध्ये, म्हणजे धातू फिरवत कापणाऱ्या मशीनमध्ये, ओढले गेले आणि मशीन बंद करायला जवळ कुणी नव्हतं. लेथवर हातमोजेही घालायचे नाहीत, तेही तसेच ओढले जातात. आणि चकची (काम पकडून फिरणाऱ्या भागाची) चावी चकमध्ये ठेवून मशीन कधीच सुरू करायची नाही.

हातमोज्यांबद्दल एक गैरसमज आहे. मोजे घातले की हात सुरक्षित, असं नाही. पातळ लॅटेक्सच्या मोज्यांतून काही द्रव बघता बघता आत जातात. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमधल्या एका प्राध्यापिकेच्या मोज्यावर डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब पडले. मोजे व्यवस्थित घातलेले होते. पुढच्या वर्षी पाऱ्याच्या विषबाधेनं त्यांचा मृत्यू झाला. तुमच्या टेबलावर ते रसायन येणार नाही, पण ॲसिटोन येईल, आणि तेही पातळ मोज्यातून पार होतं. मोज्यावर काही पडलं की मोजे लगेच बदला, आणि त्याच मोज्यांनी मोबाइल किंवा पेन धरायचं नाही, डोळा चोळायचा नाही.

आणि खाऊन या. पहाटेची एसटी पकडून आलेलं, सकाळपासून चहाही न घेतलेलं मूल अकराच्या बॅचला उभं राहतं. श्रावणी सोमवार असेल तर उपवास. दोन तास उभं राहून, आम्लाच्या वासात, चक्कर येते. हातात पेटता बर्नर किंवा भरलेली ब्युरेट असताना ती चक्कर साधी राहत नाही. उपवास असेल तर केळं, राजगिऱ्याचा लाडू खा. चक्कर येतेय असं वाटलं तर हातातलं खाली ठेवून सांगा.

लॅबमध्ये पाऊल टाकल्यावर

टेबलावर बसायच्या आधी पाच गोष्टी डोळ्यांनी शोधा: गॅसचा मेन कॉक, अग्निशामक सिलिंडर, कोरड्या वाळूची बादली, प्रथमोपचाराची पेटी आणि दुसरं दार. दुसरं दार कुलूपबंद असेल तर सरांना विचारा की चावी कुणाकडे आहे. हा उद्धटपणा नाही. एका कॉलेजात प्रथमोपचाराची पेटी कपाटात आणि कपाटाची चावी खालच्या मजल्यावरच्या ऑफिसात, असं मी पाहिलेलं आहे.

मग जवळचा नळ सोडून बघा. पाणी येतंय का? वरची टाकी रिकामी असेल तर डोळ्यात आम्ल उडाल्यावर तुमच्याजवळ धुवायला काहीच नाही. पाणी नसेल तर केमिकलचं प्रॅक्टिकल त्या दिवशी होऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. निदान दोन बादल्या भरून ठेवल्याशिवाय तरी नाही.

दप्तरं, रेनकोट, छत्र्या टेबलांमधल्या वाटेत टाकू नका. पावसाळ्यात फरशी ओली असते, त्यात पायात पट्टा अडकला आणि हातात बीकर असेल तर पुढचं सांगायला नको.

बाटली उचलताना

सांगलीतलीच गोष्ट. पहिल्याच आठवड्यात एका मुलीनं लॅबमधल्या मामांना विचारलं, "मामा, ही डायल्यूटची बाटली ना?" मामा म्हणाले, "मला कशाला विचारतीस बाळ, आधी लेबल वाच की. मग मला वाचून दाखव." तिनं वाचलं. बाटली कॉन्सन्ट्रेटेडची होती. डायल्यूटची, म्हणजे पातळ आम्लाची, शेजारच्या टेबलावर गेली होती आणि तिच्या रिकाम्या जागेवर कुणीतरी ही ठेवलेली. मामांनी तिला रागावलं नाही, सगळ्या बॅचला थांबवलं आणि प्रत्येकाकडून आपापल्या रॅकमधली लेबलं मोठ्यानं वाचून घेतली. त्या वीस मिनिटांत ती मुलं जे शिकली ते मी तासभर बोलून शिकवू शकलो नसतो.

म्हणून नियम असा करा. जागेवरून बाटली ओळखायची नाही. रंगावरून नाही, वासावरून तर मुळीच नाही. लेबल दोनदा वाचा: उचलताना एकदा, ओतण्याआधी एकदा. लेबल पुसट असेल, आम्लानं जळलेलं असेल, तर ती बाटली वापरायची नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांनी सुरुवातीलाच लेबलांवरचे नेहमीचे इंग्रजी शब्द आणि धोक्याची चिन्हं मराठीत लिहून वहीत चिकटवून ठेवावीत. चिन्हं नऊच आहेत. त्यातलं ज्वाळेचं, कवटीचं आणि हातावर द्रव सांडतानाचं, ही तीन पहिल्या दिवशी ओळखता आली पाहिजेत.

बाटलीत स्वतःचा ड्रॉपर बुडवायचा नाही. झाकण टेबलावर तोंड खाली करून ठेवायचं नाही. अडीच लिटरची बाटली मानेला धरून उचलायची नाही. एक हात तळाखाली पाहिजे. ओतताना लेबल तळहाताकडे ठेवा, म्हणजे ओघळ लेबलावर येणार नाही आणि पुढच्या बॅचला ते वाचता येईल.

कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक आम्ल साधारण ९८ टक्के असतं आणि पाण्यापेक्षा पावणेदोन पटींहून जास्त जड. त्यात पाणी ओतलं तर पाणी वर तरंगतं, मिसळताना प्रचंड उष्णता निघते, वरचं पाणी तिथंच उकळतं आणि आम्ल घेऊन चेहऱ्यावर उडतं. उलट करायचं: पाण्यात आम्ल, बारीक धारेनं, काचेच्या दांड्यावरून, ढवळत, आणि भांडं थंड पाण्यात ठेवून. हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. तरी चूक होते, कारण परीक्षेत लिहिलेलं ते वाक्य हाताला माहीत नसतं. पहिल्यांदा करताना 'सर, बघा ना जरा' म्हणून शेजारी उभं करा.

उन्हाळ्याची एक वेगळी बाब. वार्षिक प्रॅक्टिकल परीक्षा बऱ्याचदा मार्च-एप्रिलमध्ये येतात आणि सांगलीचं ऊन तेव्हा सगळ्यांना माहीत आहे. ईथर सुमारे ३५ अंशांना उकळतो. म्हणजे दुपारच्या खोलीत बंद बाटलीतला ईथर उकळण्याच्या बेतात असतो. लिकर अमोनियाच्या (तीव्र अमोनिया द्रावणाच्या) बाटलीतही वायूचा दाब वाढलेला असतो. बूच काढलं की फसकन बाहेर येतो आणि थेट नाका-डोळ्यांत जातो. अशा बाटल्या आधी थंड पाण्यात ठेवा, मग फ्यूम हूडमध्ये (पंख्यानं वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटात), तोंड स्वतःपासून दूर ठेवून, बुचावर कापड टाकून हळू उघडा. हे काम पहिल्या वर्षाच्या मुलांनी करायचं नसतं. कुणी सांगितलं तरी मामांना बोलवा.

काच

सगळ्यात जास्त रक्त लॅबमध्ये काचेनं सांडतं, आणि तेही एका ठराविक कामात: काचेची नळी किंवा थर्मामीटर रबरी बुचात घालताना, नाहीतर पिपेटला रबरी बल्ब बसवताना. हात लांब धरलेला असतो, जोर तिरका लागतो, काच मध्येच मोडते आणि तीच टोकदार नळी तळहातात घुसते. तळहातात शिरा आणि स्नायूबंध असतात. ही जखम पट्टी बांधून भागत नाही. नळीला पाणी किंवा ग्लिसरीन लावा, दोन्ही हातांना जाड कापड गुंडाळा, नळी बुचापासून दोन बोटांच्या अंतरावर धरा आणि जोर न लावता फिरवत फिरवत सरकवा. अडकली तर ओढू नका. बूच कापा. बूच स्वस्त असतं.

पिपेट तोंडानं ओढायची नाही. अजून काही ठिकाणी ही सवय आहे आणि 'आम्ही आयुष्यभर असंच केलं' असं सांगणारेही भेटतील. होतं काय, बाटलीतली पातळी खाली जाते, पिपेटचं टोक द्रवाच्या वर येतं, हवा शिरते आणि आत असलेला सगळा द्रव एका क्षणात तोंडात येतो. तो सोडियम हायड्रॉक्साइड असेल तर जीभ आणि घसा भाजतो. बल्ब कमी असतील तर रांग लावा.

फुटलेली काच हातानं गोळा करायची नाही. ब्रश आणि सुपली घ्या, आणि काच साध्या टोपलीत टाकू नका. संध्याकाळी ती टोपली मावशी हातानं दाबून पिशवीत भरतात. तुम्ही टाकलेल्या तुकड्यानं त्यांचा हात कापतो आणि तुम्हाला ते कधी कळतही नाही. काचेसाठी वेगळं खोकं असतं. नसेल तर पुठ्ठ्याच्या खोक्यावर 'फुटलेली काच' असं ठळक मराठीत लिहून तुम्हीच ठेवा.

तापवताना

गरम काच आणि थंड काच दिसायला अगदी सारखी असते. उचलण्याआधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघा. टेस्ट ट्यूब तळाशी तापवत ठेवली की द्रव एकदम उसळून बाहेर येतो, म्हणून ती तिरकी धरा, आचेवर हलवत ठेवा आणि तिचं तोंड कुणाकडेच नको. एका टेबलावर चार जणांत एकच प्रयोग असतो, तिघं वाकून बघत असतात. त्यांना मागं सरायला सांगा.

अल्कोहोल, ॲसिटोन, ईथर यांच्या जवळ ज्योत नको. ॲसिटोनच्या वाफा उणे २० अंशांनाही पेट घेऊ शकतात, आणि या वाफा हवेपेक्षा जड असल्यामुळं टेबलावरून सरपटत दूरच्या बर्नरपर्यंत जातात. पेट तिकडं घेतात आणि ज्वाळ बाटलीपर्यंत परत येते. मायक्रोबायोलॉजीच्या मुलांना हे रोज लागू आहे: काचेचा स्प्रेडर स्पिरिटमध्ये बुडवून ज्योतीवर धरायचा असतो, आणि तो पेटलेला असतानाच कुणीतरी परत स्पिरिटच्या बीकरमध्ये बुडवतो. असं झालं तर बीकर उचलून पळायचं नाही, फुंकायचं नाही. वर फरशीचा तुकडा किंवा मोठी काचेची बशी सरकवून झाका, हवा तुटली की विझतं. स्पिरिटचा दिवा पेटता असताना त्यात स्पिरिट भरायचं नाही. दिवसाच्या उजेडात त्याची ज्योत नीट दिसत नाही, त्यामुळं विझला असं वाटतं आणि तो विझलेला नसतो.

लाइट गेली की हॉट प्लेट, ओव्हन, हीटिंग मँटल बटणावर बंद करा. मुलं गप्पा मारायला व्हरांड्यात जातात, लाइट परत येते आणि रिकाम्या खोलीत मँटल तापत राहतो.

सोडियम एक्स्ट्रॅक्ट

ऑरगॅनिक स्पॉटिंगला, म्हणजे दिलेलं ऑरगॅनिक संयुग ओळखताना, त्यात नायट्रोजन, सल्फर, हॅलोजन आहे का हे बघायला ते सोडियमबरोबर तापवतात. ही पायरी येतेच, आणि नवख्यांच्या लॅबमधली ही मला सगळ्यात जोखमीची वाटते. तिच्यातल्या चार जागा बघा.

पहिली, तुकडा. सोडियम केरोसीनमध्ये ठेवलेला असतो. चिमट्यानं काढायचा, फिल्टर पेपरमध्ये दाबून केरोसीन टिपायचं, आणि तुकडा मटाराच्या दाण्याहून लहान घ्यायचा. हाताला घाम असतो, पावसाळ्यात तर टेबलही दमट. सोडियमला बोट लावायचं नाही.

दुसरी, इग्निशन ट्यूब. आत्ताच धुतलेली, तळाशी एक थेंब पाणी राहिलेली ट्यूब घेतली की सोडियम तापवण्याआधीच तडतडतो. पूर्ण कोरडी, नवी ट्यूब घ्या. दिलेला पदार्थ द्रव असेल आणि तो क्लोरोफॉर्म किंवा कार्बन टेट्राक्लोराइडसारखा वाटत असेल तर थांबा आणि सरांना विचारा. या द्रवांचा सोडियमबरोबर स्फोट होतो. काही नायट्रो संयुगंही सोडियमबरोबर भडकतात.

तिसरी, लाल तापलेली ट्यूब चायना डिशमधल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवणं. ट्यूब फुटते, ते अपेक्षितच असतं. पण आत थोडा सोडियम शिल्लक असतो, पाण्याला लागताच त्यातून हायड्रोजन निघतो, पेटतो आणि काचेच्या कणांसकट अल्कली वर उडते. चष्मा घातलेला हवा. नंबरचा चष्मा पुरत नाही, बाजूनं बंद असलेला लागतो. ट्यूब आत गेली की त्याच क्षणी डिशवर वायर गॉज (तारेची जाळी) ठेवा. हे दोन हातांचं काम आहे, म्हणून गॉज आधीच डाव्या हातात तयार पाहिजे. ती शोधायला वळलात तर उशीर झाला. एका वेळी एकानंच करायचं, बाकीच्यांनी दोन पावलं मागं.

चौथी जागा बहुतेक कुणी सांगत नाही. एक्स्ट्रॅक्टमध्ये सोडियम सायनाइड आणि सल्फाइड असू शकतं. हॅलोजनच्या टेस्टसाठी त्यात नायट्रिक आम्ल घालून उकळायचं असतं, ते सायनाइड आणि सल्फाइड घालवण्यासाठीच, आणि ते जातं हवेत, विषारी वायूंच्या रूपात. म्हणून ही पायरी फ्यूम हूडमध्ये, पंखा सुरू असताना करायची. हूडमध्ये सामान कोंबून ठेवलेलं असेल तर आधी ते काढायला सांगा.

राहिलेला सोडियमचा कण आणि तो ज्या कागदात टिपला तो कागद कधीही बेसिनमध्ये किंवा ओल्या टोपलीत टाकू नका. दहा-पंधरा मिनिटांनी, सगळं आवरून झाल्यावर टोपली पेटते ती यानंच. स्पिरिट असलेल्या कोरड्या बीकरमध्ये टाका, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत ठेवा, आसपास ज्योत नको. सोडियम पेटलाच तर पाणी नाही, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही नाही. कोरडी वाळू.

धुताना आणि टाकताना

प्रॅक्टिकल संपायला पाच मिनिटं असतात, सगळे बेसिनवर गर्दी करतात. लवकर सुकावा म्हणून फ्लास्कमध्ये ॲसिटोन ओततात. त्यात थोडं नायट्रिक राहिलेलं असेल तर दोन्ही भडकतात. टाकाऊ बाटलीतही तेच: नायट्रिक आणि ऑरगॅनिक द्रव एका बाटलीत ओतून झाकण घट्ट लावलं की वायू साठत राहतो, आणि बाटली फुटते तेव्हा खोलीत कुणी असेल की नसेल हे नशीब. आम्लं वेगळी, ऑरगॅनिक वेगळं, बाटलीवर नाव. कळत नसेल तर ओतू नका, भांडं तसंच टेबलावर ठेवून विचारा.

प्रोजेक्ट आणि एमएस्सीवाल्यांसाठी थोडं

रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी एकट्यानं काम करू नका. रिफ्लक्स (वाफा थंड करून परत भांड्यात आणत उकळणं) लावला असेल तर कंडेन्सरचं पाणी चालू आहे ना हे बघत राहा, टाकी रिकामी झाली की वाफा सरळ खोलीत येतात. गॅस सिलिंडर साखळीनं भिंतीला बांधलेला असावा. ५ डिसेंबर २०१८ रोजी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सिलिंडरचा स्फोट होऊन एका तरुण संशोधकाचा जीव गेला आणि तिघं जखमी झाले, तेही अनुभवी लोकांमध्ये काम करत असताना.

सांगलीकरांना आणखी एक सांगावंसं वाटतं. २००५, २०१९, २०२१, कृष्णेचं पाणी शहरात आलं. स्टोअर तळमजल्यावर असेल तर पाणी लागलं की धोकादायक होणारं सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम कार्बाइड खालच्या फळीवर नसावं. पावसाळ्याआधी ते वर चढवलंय का, एवढं विभागप्रमुखांना जरूर विचारा.

काही झालंच तर

डोळ्यात उडालं: लगेच नळाखाली, पापण्या बोटांनी उघड्या धरून, निदान १५ मिनिटं. कॉन्टॅक्ट लेन्स काढा. दोन मिनिटांत बरं वाटलं तरी थांबू नका, अल्कली आत जात राहते.

अंगावर आम्ल सांडलं: पाणी, भरपूर पाणी. खायचा सोडा चोळू नका. भिजलेले कपडे तिथंच काढायला लागतात. इथं मुली लाजतात आणि आम्ल कातडीवर राहून जातं. मैत्रिणींनी लगेच चारी बाजूंनी ॲप्रन धरून आडोसा करायचा, मुलांना बाहेर काढायचं. हे आधीच ठरवून ठेवा.

भाजलं: वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काही नाही.

कपड्यांनी पेट घेतला: पळू नका. जमिनीवर पडा, तोंड हातांनी झाकून लोळा. दुसऱ्यानं जाड कापड किंवा ब्लँकेट टाकायचं.

तोंडात गेलं: थुंका, चूळ भरा, उलटी काढायचा प्रयत्न करू नका.

अॅम्ब्युलन्ससाठी १०८. सांगलीत सिव्हिल, नाहीतर मिरजेचं शासकीय रुग्णालय. जाताना ज्या बाटलीनं झालं तिच्या लेबलाचा मोबाइलवर फोटो काढून न्या. डॉक्टरांना 'आम्ल' एवढं पुरत नाही, कोणतं आणि किती तीव्र हे लागतं.

आणि सांगा. छोटं असलं तरी सांगा. मार्क जातील, सर रागावतील, घरी कळलं तर कॉलेज बंद होईल, विशेषतः मुलींना ही भीती खरी असते हे मला माहीत आहे. पण भाजलेला हात रुमालात गुंडाळून एसटीनं दोन तास घरी गेलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि रात्री फोड आल्यावर गावात त्यांना काय लावावं हे कुणालाच कळत नाही. शिक्षकांनाही माझी विनंती आहे: सांगायला आलेल्या मुलाला पहिल्या वाक्यात झापू नका. एकदा झापलं की पुढची सगळी बॅच लपवायला शिकते. विभागात एक वही ठेवा, त्यात नाव न लिहिता फक्त काय झालं, कोणत्या पायरीला झालं आणि थोडक्यात कसं वाचलं ते लिहायचं. पुढच्या जुलैत नव्या बॅचला ती पहिल्या तासाला वाचून दाखवा.

निघताना

बर्नरचा कॉक बंद, मग मेन कॉक बंद. रबरी नळीला चीर दिसली तर मामांना दाखवा. टेबल ओल्या फडक्यानं पुसा, म्हणजे पुढच्या बॅचचा कुणी त्यावर कोपर टेकवून भाजणार नाही. हात साबणानं धुवा आणि मगच डबा उघडा, तोही बाहेर. ॲप्रन घालून कँटीनमध्ये जाऊ नका. प्लॅस्टिकच्या वेगळ्या पिशवीत घालून न्या आणि खोलीवर बाकीच्या कपड्यांत न मिसळता वेगळा धुवा.